बाप्पाला दाखवलेली साइटस्क्रीन

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोघे ऑफिसात आले, तेव्हा मी त्यांच्याच अर्जाचं शेवटचं पान टाइप करत होते. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते आणि आवाज बसला होता. हातात जिलबीचा पुडा होता.

"बाई, मशीन थांबवा आणि तोंड गोड करा," ते म्हणाले. "काल अख्ख्या इंदूरनं आपली स्क्रीन बघितली."

मी मशीन थांबवलं. जिलबी मात्र घेतली नाही.

आमचं ऑफिस पेटंटचं काम करतं. कुणी नवीन वस्तू शोधून काढली, तर ती काही वर्षं दुसऱ्या कुणी बनवू नये असा हक्क सरकार देतं. त्याला पेटंट म्हणतात. त्यासाठी कलकत्त्याला अर्ज जातो आणि तो इंग्रजीत लिहावा लागतो. आमचे दातेसाहेब वकील आहेत. कायदा त्यांचा आणि इंग्रजी माझं, अशी आमची वाटणी आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून टायपिस्टच्या जागेवर घेऊनही साहेब मसुदे माझ्याकडूनच लिहून घेतात.

माझं टेबल लाकडी पार्टिशनच्या मागे आहे. बाईमाणसासमोर क्लायंट मोकळेपणी बोलत नाहीत, असं साहेबांना वाटतं. त्यामुळे मला सगळ्यांचं सगळं ऐकू येतं आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. वडिलांची बदली ग्वाल्हेरला झाल्यापासून मी मावशीकडे राहते. मावशी शाळेत शिकवते आणि घरी आल्यावर तिला शांतता लागते. काही दिवस असे जातात, की 'येस सर' सोडून माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

मोघे पार्टिशनला वळसा घालून आत यायचे. पोलोग्राउंडला त्यांचा लहानसा कारखाना आहे. शाळांना लागणारे डंबेल्स, लेझीम, हायजंपचे स्टँड असा माल तिथे बनतो. पण त्यांचा जीव क्रिकेटमध्ये. मला त्या खेळातलं काही कळत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर शाईची दौत आणि खोडरबर मांडून मला पिच समजावून सांगितलं होतं.

"हा रबर म्हणजे बॅट्समन. ही दौत बोलर. आता दौतीच्या मागे काय दिसतं तुम्हाला?"

"कॅलेंडर."

"तीच तर गडबड आहे ना. कॅलेंडरवर लाल बॉल दिसणार कसा?"

म्हणून बोलरच्या मागे, मैदानाच्या कडेला, एक मोठा पांढरा फळा उभा करतात. तीच साइटस्क्रीन. एवढी मोठी पांढरी जागा रिकामी पाहिली की साबणवाल्यांना आणि विडीवाल्यांना तिथे जाहिरात रंगवावीशी वाटते. पण रंगवली, तर बॅट्समनला बॉल दिसत नाही. मोघ्यांनी यातून वाट काढली. त्यांनी उभ्या फळ्या केल्या. प्रत्येक फळीची एक बाजू पांढरी आणि दुसरीवर चित्राचा एकेक तुकडा. सगळ्या फळ्या मागून एका दांड्याला जोडलेल्या. ओव्हर संपली, फील्डर बाजू बदलू लागले, की दांडा ओढायचा. फळ्या फिरतात आणि जाहिरात दिसते. खेळ सुरू व्हायच्या आत पुन्हा ओढला की सगळं पांढरं.

हे मला नीट लिहिता यावं म्हणून साहेबांनी एकदा मला कारखान्यात पाठवलं होतं. मोघ्यांनी ताडपत्री काढली आणि दांडा माझ्याच हातात दिला. मी ओढला. फळ्या खडखडत फिरल्या आणि समोर एक हसणारी बाई साबण घेऊन उभी राहिली. मी पण हसले. तिथले कामगारही हसले. मग मोघ्यांनी मला खालची एक लोखंडी खिट्टी दाखवली. ट्रायल घेताना वाऱ्यानं फळ्या आपोआप फिरल्या होत्या, म्हणून त्यांनी ती नंतर बसवली होती. दांडा ओढला की खिट्टी उचलली जायची, सोडला की खाली पडून फळ्यांना धरून ठेवायची. त्या दुपारी त्यांच्या बायकोनं मला जेवायला थांबवून घेतलं. पुष्कळ दिवसांनी मी पंगतीत बसले होते.

पेटंट मिळालं की कानपूरची एक मोठी कंपनी लायसन्स घेणार होती. म्हणजे स्क्रीन त्यांनी बनवायची आणि प्रत्येक स्क्रीनमागे मोघ्यांना हिस्सा द्यायचा. लेझीम आणि डंबेल्सवर कारखाना कसाबसा चालत होता. मोघ्यांची सगळी भिस्त या कागदावर होती.

पेटंटची पहिली अट अशी, की अर्ज पोहोचेपर्यंत वस्तू लोकांपुढे येता कामा नये. एकदा लोकांनी पाहिली की ती नवीन राहत नाही. साहेबांनी हे मोघ्यांना बजावलं होतं आणि मोघ्यांनी ते पाळलंही होतं. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी ताडपत्रीच्या आत डोकावू दिलं नव्हतं.

आणि आता ते सांगत होते, की एका कापडमिलच्या झांकीवर स्क्रीन लावली होती. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे मिलवाले गाड्यांवर देखावे सजवून मिरवणूक काढतात. सगळं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. मी गेले नव्हते. मावशीला गर्दी चालत नाही आणि एकटीनं जायची पद्धत नाही.

"दांडा ओढला की गणपती," मोघे सांगत होते. "पुन्हा ओढला की मिलचं धोतर. पब्लिक तर पागल झाली, बाई. राजवाड्यापाशी गाडी पुढे जाऊ देईनात."

आवाज ऐकून साहेब आपल्या खुर्चीतून उठून आले. त्यांचा चेहरा मला दिसत होता.

"मोघे, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"लोकांना दाखवू नका म्हणून."

"मग?"

"लोकांना कुठे दाखवली, साहेब? बाप्पाला दाखवली." मोघ्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "नवीन मशीन पहिल्यांदा बाप्पापुढे चालवायची. आमच्या वडिलांपासून असंच आहे. बाप्पाच्या आधी सरकारला थोडीच दाखवणार? लोक काय, ते बाप्पाला बघायला आले होते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बघू. कलकत्त्याला कोण सांगायला जातंय, की इंदूरच्या झांकीत काय होतं. मिस परांजपे, पान पुरं करा. आज पोस्टात गेलं पाहिजे."

त्या शेवटच्या पानावर अर्जदाराचं निवेदन असतं. माझ्या माहितीप्रमाणे ही वस्तू यापूर्वी लोकांत वापरली गेलेली नाही, असं त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. मी तिथवर आले होते.

क्लायंट समोर असताना मी कधी बोलत नाही. पण एक गोष्ट विचारायलाच हवी होती. नुसती फिरणारी चित्रं दिसली असतील, तर अजून काही सांगता आलं असतं. आतली रचना दिसली असेल, तर नाही.

"मोघेसाहेब," मी म्हटलं, "गाडीची मागची बाजू झाकली होती का?"

"झाकली कशाला? मागे तर बल्ब लावला होता. पोरंटोरं मागेच जास्त होती. दांडा कसा चालतो ते बघायला." ते अभिमानानं बोलत होते. मग माझ्याकडे आणि साहेबांकडे पाहून त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. "का? मागून नव्हतं बघायला पाहिजे?"

जिलबीच्या पुड्यातून पाक टेबलावर येत होता. मी मसुदे बाजूला केले.

साहेब मला इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला विचारायची काय गरज होती? आता मलाही माहीत झालं."

"मलाही, सर," मी म्हटलं. "निवेदनात 'माझ्या माहितीप्रमाणे' असं आहे."

साहेब वाईट माणूस नाहीत. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि परत आले, तेव्हा वकील झाले होते. मोघ्यांना त्यांनी सरळ सांगितलं. खोटं निवेदन करून पेटंट मिळेलही. पण कानपूरवाल्यांना हिस्सा देणं जड झालं, की ते इंदूरला एक माणूस पाठवतील. त्याला साक्षीदार शोधावे लागणार नाहीत. रस्त्यात कुणालाही विचारलं तरी पुरे. पेटंट तर जाईलच, खोट्या सहीचं बालंट वेगळं येईल.

"म्हणजे खतम?" मोघ्यांनी विचारलं.

"स्क्रीन गेली," साहेब म्हणाले. "तिच्यातलं झांकीवर नव्हतं असं काही असेल, तर बोला."

मोघ्यांना काही आठवेना. मला आठवलं.

"खिट्टी होती का गाडीवर?"

"नव्हती. रात्री वारा नव्हता, आणि दांडा धरायला माणूस होता." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "खिट्टी कारखान्यातच आहे."

मग आम्ही खिट्टीचा अर्ज करायचं ठरवलं. अर्जात एक भाग असतो, त्याला क्लेम म्हणतात. नेमकं कशावर आपला हक्क आहे, ते त्यात एका वाक्यात बांधायचं. माझा आधीचा क्लेम भलामोठा होता. फळ्या, दांडा, फिरणं, जाहिरात, सगळं त्यात आलं होतं. तो मी फाडला आणि फिरत्या फळ्यांना वाऱ्यात धरून ठेवणाऱ्या खिट्टीचा नवा क्लेम लिहायला घेतला.

साहेब आत गेल्यावर मोघे माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"बाई, तुम्ही विचारलं नसतं तर?"

"दुसऱ्या कुणीतरी विचारलं असतं."

"तो दुसरा असता ना. तुम्ही आपल्या होतात," ते म्हणाले.

एवढं बोलून ते गेले. पुडा तिथेच राहिला. सह्यांचे कागद त्यांनी पोस्टानं पाठवले. पोलोग्राउंडहून आमच्या ऑफिसला पायी येता येतं.

खिट्टीचं पेटंट पुढे मिळालं. कानपूरवाल्यांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि फिरत्या फळ्यांची स्क्रीन स्वतःच बनवायला घेतली. त्यांच्या फळ्या दोरीनं बांधतात. दोरीवर कुणाचाच हक्क नाही. मोघे अजून लेझीम बनवतात, असं साहेबांकडून कळतं. ऑफिसात ते आले तर साहेबांशी बोलून बाहेरच्या बाहेर जातात. पार्टिशनला वळसा घालत नाहीत.

थंडीत इथे एक मॅच झाली. मी मावशीला सांगून दुपारची गेले आणि बायकांच्या कनातीत कडेला बसले. शेजारच्या बायका स्वेटर विणत होत्या. समोर मोघ्यांची स्क्रीन होती, त्यांनी स्वतः बसवलेली. ओव्हर संपली की साबणवाली बाई हसायची, मग पुन्हा सगळं पांढरं. मध्येच वारा सुटला. कनात फडफडली, कुणाची तरी टोपी उडाली. फळ्या जागच्या हलल्या नाहीत. मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की ती खिट्टी आहे. शेजारची बाई टाके मोजत होती.

त्या प्रकारानंतर ऑफिसात एक बदल झाला. नवा क्लायंट आला की साहेब पार्टिशनवर टकटक करतात आणि मी बाहेर येते. पहिला प्रश्न माझा असतो.

"ही वस्तू आजवर कुणाला दाखवली आहे का?"

"छे, बाई. कुणालाच नाही."

"आणि बाप्पाला?"

बरेच जण म्हणतात, बाप्पाला तर दाखवावीच लागते. मग मी वही उघडते आणि विचारते, त्या वेळी मागे कोण कोण उभं होतं.