भिंतीपलीकडचे माग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हा देवालासुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. आता तुमच्यापाशी बसले आहे, तर कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही.

घरापासूनच करते.

बेळगावच्या वडगावात आमचं घर. मागं पत्र्याची शेड, तिच्यात विजेवरचे चार माग. साड्या विणून आमचं पोट चालतं. माग सकाळी सुरू होतात ते दिवेलागणीनंतरच थांबतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस माझं डोकं फुटायची वेळ आली होती, मग कान सरावले. माणूस कशालाही सरावतो, असं मला तेव्हा वाटायचं.

शेडची एक बाजू म्हणजे शेजारच्या घराच्या निजायच्या खोलीची भिंत. मध्ये दुसरं काही नाही. त्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. आजोबांचं हृदयाचं दुखणं. दुपारी तरी घटकाभर माग बंद ठेवा म्हणून ते आमच्याकडं विनवायला यायचे. पण माग बंद ठेवून आम्ही खायचं काय? शेवटी कंटाळून ती दोघं धारवाडला लेकीकडं गेली आणि घर विकायला काढलं. ती का गेली, हे गल्लीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आता सुमनबद्दल सांगते. सुमन माझी धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिची वेणी मीच घातली, तिला न्हाऊमाखू मीच घातलं. तिला निपाणीला दिलं. तिचा नवरा प्रकाश, शांत माणूस. बायको दमलेली दिसली की स्वतः उठून चहा टाकणारा. त्याला इकडं बेळगावात फौंड्रीत नोकरी लागली, आणि ती दोघं इथं घर शोधायला लागली.

माझा लेक तेव्हा नुकताच बेंगळुरूला गेला होता. सासूबाई वारल्या होत्या. राहिलो आम्ही दोघं. माग चालू असताना बोलता येत नाही आणि बंद झाल्यावर ह्यांच्यापाशी बोलण्यासारखं काही उरत नाही. दिवसचे दिवस मी माणसाच्या आवाजाला आसुसलेली असायची. हे कारण म्हणून सांगत नाही. काय होतं ते सांगते आहे.

सुमननं दोन घरं मनात धरली होती. एक बेळगुंदीच्या वाटेवर, भोवती शेतं. दुसरं आमच्या शेजारचं. प्रकाशचा कल बेळगुंदीकडं होता. तो म्हणाला, "रविवारी सुट्टी हाय, दोन्ही घरं बघून घेऊ."

मी म्हटलं, रविवारी मी घरी नाही, सोमवारी या.

रविवारी मी घरीच होते. आमचे माग सोमवारी बंद असतात.

हे बोलायला मला इतकी वर्षं लागली.

सोमवारी ती दोघं आली. बरोबर ओळखीचा एक गवंडी आणला होता. त्यानं सगळं घर चाचपून पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी ओल चढली आहे का, खार फुटला आहे का, ते बघितलं. फरशा टकटक वाजवून पोकळ कुठं आहेत ते हेरलं. स्लॅबवर बादल्या ओतून खाली गळतं का पाहिलं. सगळे नळ सोडले, खिडक्या उघडझाप केल्या. न्हाणीत एक चीर निघाली, तीही वरवरची. घर चांगलंच होतं हो. बांधकामात खोट नव्हतीच.

निजायच्या खोलीत आल्यावर प्रकाशनं त्या भिंतीवर तळवा ठेवला. म्हणाला, "आक्का, पलीकडं तुमचे माग हायत न्हवं? मला कायमची रातपाळी आसती. दिवसा झोप लागाय पायजे."

मी त्याच्याकडं बघून म्हटलं, "भिंत लई जाड हाय, प्रकाशराव. आत काय कळत न्हाय."

गवंडी शहाणा माणूस. तो म्हणाला, "तरी येक डाव माग चालू आस्ताना येऊन बगा की."

प्रकाशनं मान हलवली. बुधवारी येतो म्हणाला. आणि मी — मी म्हटलं, "गोव्याची माणसं बघून गेल्यात. उद्या इसार देतो म्हनत्यात. बुधवारपतोर घर ऱ्हातंय का कुणाला ठावं."

गोव्याची माणसं कुठली? कुणीच आलं नव्हतं. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं, की क्षणभर मलाच खरं वाटलं. सुमननं नवऱ्याचा हात धरला. "आक्का खोटं कशाला सांगंल? आक्काच्या शेजारी ऱ्हायला मिळतंय, आनी काय पायजे?" संध्याकाळीच त्यांनी इसार दिला.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "त्यांला मागाचं सांगितलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

ती राहायला आली तेव्हा मी पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश पाळी करून आला, अंघोळ करून आडवा झाला, आणि आमचे माग सुरू झाले. दुपारी तो दारात आला, डोळे लाल, पण हसत होता. "आक्का, तुमचा माग माझ्या उशीतच बसलाय जनू." मी पण हसले. सवय होईल म्हटलं.

सवय झाली नाही. त्यानं कानात कापूस घातला. अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. मग देवळाच्या ओट्यावर जाऊन निजायला लागला, तिथून पोरांच्या गलक्यानं उठून यायचा. दिवसपाळी मागून पाहिली, मिळाली नाही. घर विकायचं म्हटलं तर बघायला आलेला माणूस दारातच कान टवकारून परत फिरायचा. आणि मी काय करणार होते? माग बंद करा म्हणायचं मी ह्यांना? कशाच्या जिवावर? एकदा धीर करून म्हटलं, दुपारी थोडं थांबवू या. हे म्हणाले, "त्यांनी बघूनच घेतलंय न्हवं घर?"

ज्या सोबतीसाठी हे केलं तीही नीट मिळाली नाही. सुमन यायची, पण बसायची नाही. तिचं सगळं लक्ष घरात, तो निजला का, उठला का. तिचा आवाज बारीक होत गेला. मग एकदा ती आली तेव्हा तिच्या गालावर बोटं उमटलेली होती. प्रकाशनं — त्या माणसानं — हात उचलला होता. भांडं पडल्याचं निमित्त. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, "त्येंची चूक न्हाय गं आक्का. मीच हट्ट केला ह्या घराचा. त्येंला बेळगुंदीचं पायजे हुतं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

पुढं पावसाळ्याच्या तोंडाला प्रकाश पाळी सुटल्यावर गाडीवरून घरी येत होता. चालवता चालवताच डोळा लागला. उभ्या ट्रॅक्टरला मागून धडकला. बघणारे म्हणाले, ब्रेक दाबलाच नाही. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

दवाखान्यात सुमन बाकावर बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. मनाशी ठरवूनच गेले होते, आज सांगायचं. मी म्हटलं, "सुमे —" तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तू हायस म्हनून मी उभी हाय." त्यानंतर मी काय बोलले माहीत आहे? चहा आणू का, विचारलं.

फौंड्रीतली नोकरी गेली. पाय नसलेल्या माणसाला भट्टीपुढं कोण उभं करणार? मग आमच्या ह्यांनीच सुचवलं, शेडमध्ये बसून कांड्या भरायचं काम देऊ त्याला. बसल्या जागी सूत गुंडाळायचं, पाय लागत नाही. सगळ्या भावकीत आमचं नाव झालं. साडूला सांभाळलं म्हणून लोक ह्यांना हात जोडतात.

आता प्रकाश रोज सकाळी कुबडी टेकत आमच्या शेडमध्ये येतो आणि मागांच्या मधोमध बसतो. फारसं बोलत नाही. रात्री त्याला झोप लागते, असं सुमन सांगते. दुपारी मी त्याला चहा नेऊन देते. त्या आवाजात तो मान हलवून ठीक आहे म्हणतो, मीही मान हलवते. ऐकू काहीच येत नाही.

परवा सुमन भाजी निवडायला माझ्याकडं आली होती. निवडता निवडता म्हणाली, "आक्का, त्या सोमवारी तू घर बगाय बोलावलं नसतंस तर आमी आज कुटं आसतो कुनास ठावं. ह्येंला कुनी सांबाळलं आसतं?"

मी देठ मोडत होते. हो म्हटलं.