तळ्याच्या चित्रातलं तांबडं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर अगदीच किरटं. ही वही कुणी उघडलीच तर त्याने तेवढं पोटात घालावं. चौथीत शाळा सुटली, पुढे लिहायचं कामच पडलं नाही. पण हे तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

मी ज्यांच्याकडे झाडलोट आणि स्वयंपाक करत होते, ते सर चित्रं काढायचे. त्यांनी कळंब्याच्या तळ्याचं मोठं चित्र केलं होतं. झाडं झाडासारखी नव्हती, नुसते हिरवे-काळे थर. पाणी मात्र इतकं गार दिसायचं की त्याच्यासमोर झाडताना मी पदर खांद्यावरून ओढून घ्यायचे. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने त्याचे बारा हजार आगाऊ दिले होते.

खंडेनवमीला सर बाहेर गेले होते. आमच्यात त्या दिवशी विळा, खुरपं, शिलाई मशीन, ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्याला हळदकुंकू लागतं. मी सरांचे ब्रश आणि रंग थापायच्या सुऱ्या पाटावर मांडून पुजल्या. मग वाटलं, घर तर चित्रावर चालतं. म्हणून तळ्याच्या काठाशी एक बोट कुंकू लावलं. बोट आत रुतलं. तेलाचा रंग कितीतरी दिवस ओला राहतो, हे मला ठाऊक नव्हतं.

सर आले आणि बघतच राहिले. "मावशी, काय केलासा हे?"

"खंडेनवमी न्हवं आज."

"मग माझ्याबी कपाळाला लावायचं की. चित्रानं काय पाप केलतं?"

त्यांनी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसायला घेतलं. कुंकू निघालं नाही, खाली ओघळलं. त्यांचा हात थांबला तेव्हा काठावर तांबडं लुगडं नेसलेली बाई पाठमोरी उभी होती.

दसऱ्यानंतर व्यापारी आला.

"तळं ठरलं हुतं. ही बाई कोण?"

"बाई न्हाय ती, डाग हाय," सर म्हणाले.

"डाग असा वाट बघत हुबा ऱ्हात न्हाय. मला न्हाय न्यायचं हे घरात."

तो पैसे परत घेऊन गेला. मी दाराआडून म्हणाले, "मी भरतो, सर. पगारातनं कापा." त्या घरात इतकं मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले. सर नको म्हणाले, पण चूक माझी होती. फेडल्याशिवाय काम सोडायचं नाही, असं मी ठरवलं.

चित्र तिथेच राहिलं. मी रोज हात न लावता बोटांनी मापायचे. डोक्यापासून खाली चार बोटं तांबडं होतं. दिवाळीला तीन राहिलं. पाणी तिच्या गुडघ्याच्या वर आलं होतं.

"रंग वाळतोय, मावशी. तांबडं आत मुरतंय," सर म्हणाले.

"मग खालनंच कसं मुरतंय?"

ते म्हणाले, "चहा ठेवा."

संक्रांतीनंतर एका सुट्टीला मी कळंब्याला गेले. सरांनी जिथून चित्र काढलं ती जागा सापडली. भरदुपार होती. तिथे म्हशी धुणारा एक म्हातारा मला बघून हसला.

"काय पावणं, आज हिरवं नेसलासा? रोज तांबडं असतंय."

"मी पहिल्यांदाच आलोय," मी म्हणाले.

त्याने मला नीट बघितलं. हसू गेलं. त्याने म्हशी पाण्याबाहेर हाकलल्या.

दुसऱ्या दिवशी मापलं तर दीड बोट होतं. ती पुरती बुडेल तेव्हा त्या खोलीत मी असू नये, एवढंच मला वाटायला लागलं. पण अजून निम्मे पैसे राहिले होते. मी एका खानावळीत सकाळी भाकरी थापायचं काम धरलं. मनगटं सुजली. शिमग्याला नुसतं डोकं आणि खांदे दिसत होते. पाडव्याला डोकंच. मग मी मापायचं सोडलं.

चैत्र संपता संपता उरलेली रक्कम रुमालात बांधून नेली. सर त्या खोलीतच बसले होते. मी आत गेले नाही. उंबऱ्यातूनच हात लांब करून पैसे दिले आणि नजर खाली ठेवली. त्यांनी दोनदा मोजले. "बारा हजार पुरे झाले, मावशी," ते म्हणाले, "आता तुमचं काय देणं न्हाय." ती बुडाली की अजून वर आहे, ते न बघताच मी काम सोडलं.