कामठ्याचा एकच फोन

आमच्या संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा मी जरा शेफारलेच होते, हे आधीच कबूल करते. गोंदियात दोन खोल्यांचं ऑफिस, काम गावोगावी रक्तदान शिबिरं घेण्याचं. दात्यांची नावं, रक्तगट, फोन नंबर सगळं जाड रजिस्टरात. कुणाला निकड पडली की रजिस्टर चाळायचं आणि फोन लावायचा. ते सगळं कॉम्प्युटरवर चढवून यादी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी नागपूरला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. तिथल्या सरांनी एक नियम डोक्यात बसवला: एकच नंबर दोन नावांपुढे दिसला, तर दुसरी नोंद फालतू. उडवा.

मी उडवल्या. एका दुपारीत यादी निम्मी झाली. सचिवांना प्रिंट दाखवून शाबासकी घेतली आणि रजिस्टरं बांधून माळ्यावर टाकली.

खरं तर मला कळायला हवं होतं. माझं माहेर आमगावजवळच्या खेड्यातलं. गावात फोन एकाच्याच घरी, बाकी सगळे त्याचाच नंबर द्यायचे आणि पुढे 'पीपी' लिहायचे. लग्न होईस्तोवर मीही शेजारच्या किराणावाल्याचाच नंबर देत होते. पण नवीन विद्या शिकून आले होते ना, अक्कल गहाण टाकली होती.

पुढच्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत एक माणूस दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आला. बायको बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. बी निगेटिव्ह पाहिजे होतं, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती.

"लवकर पाहा जी बाई," एवढंच तो म्हणाला आणि टेबलाजवळ उभा राहिला.

यादीत तीन नावं निघाली. एक सुरतला गेलेला, दुसऱ्याचा फोन बंद, तिसऱ्यानं मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. मी बालाघाटला लावला, भंडाऱ्याला लावला, ओळखीच्या लोकांना लावला. तास गेला. तो माणूस बसलाही नाही.

आमच्याकडे चहा करणाऱ्या आणि प्रत्येक शिबिराला सोबत येणाऱ्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "काऊन, कामठ्याच्या मास्तरले कायले नाही बोलावून राहिली? बी निगेटिव्ह आहे म्हणून डॉक्टरनं त्याले दुसरा चहा देल्ला होता."

मी कामठा शोधलं. अख्ख्या गावाचं एकच नाव उरलं होतं. शिबिरात तीसेक जणांनी रक्त दिलं होतं, आणि सगळ्यांनी दिला होता तो किराणा दुकानाचा नंबर. त्याच नंबरवर फोन लावला.

"निगेटिव्हवाले मास्तर ना?" दुकानदार म्हणाला. "शाळेत आहेत. आत्ता धाडतो."

नावही विचारावं लागलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

मास्तर मोटारसायकलवर थेट रक्तपेढीत पोचले. पिशवी निम्मी भरली होती तेव्हा वॉर्डातून निरोप आला, आता गरज नाही. पिशवी भरेस्तोवर त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

तासभर आधी रक्त मिळालं असतं तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, सांगता येत नाही.

रजिस्टरं खाली काढून मी सगळी नावं पुन्हा टाइप केली. लाज वाटत होती आणि स्वतःचाच राग येत होता.

आठवड्याभरानं तो माणूस ऑफिसात आला. सचिवांना म्हणाला, "ह्या बाईनं बहुत फोन लावले जी. घरचे करत नाहीत एवढं." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "तेरवीले या, बाई."

मी गेले. आज त्याला खरं ते सांगायचंच, असं ठरवून गेले. बाळ कुणा म्हातारीच्या मांडीवर झोपलं होतं. त्यानं पहिली पत्रावळ माझ्यापुढे मांडली, "बसा" म्हणाला, आणि मी खाली मान घालून जेवले.