साडूचा पॉइंट गार्ड

साडूला बास्केटबॉल मॅनेजरच्या ऑनलाइन खेळाचा नाद मीच लावला, हे आधीच सांगून टाकतो.

त्या दिवाळीला आम्ही दोघे जावई परतवाड्याला सासरी होतो. फराळ झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. "भाऊ, मोबाइलमधी काय पाहून राहिले एवढं?" मी समजावलं. यात आपण स्वतः खेळायचं नसतं. आपला एक काल्पनिक संघ असतो. कोणाला कुठल्या जागी खेळवायचं नि कसला सराव द्यायचा, एवढं आपण ठरवायचं. सामने संगणकच खेळवतो आणि शुक्रवारी सकाळी कोण कशात सुधारला ते कळतं. मी अमरावतीला कॉलेजच्या संघातून खेळलेला माणूस, भातकुलीच्या शाळेत पीटी शिकवतो. साडूचं अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान, जन्मात त्याने बास्केटबॉल हातात धरलेला नाही. म्हटलं, येऊ दे, हरवायला घरचाच माणूस मिळाला.

नव्या हंगामात दोघांच्याही वाट्याला अठरा वर्षांचा एकेक उंच पोरगा आला. माझा जास्त चांगला होता. पण या खेळात पोरगा ज्या जागी खेळतो, त्या जागेचंच कसब त्याच्यात वाढतं. उंच पोराला बास्केटखाली उभा केला की संघ जिंकतो. त्यालाच पॉइंट गार्ड केला, म्हणजे चेंडू पुढे आणून पास द्यायच्या कामाला लावला, तर तो पास शिकतो; पण तो शिकेपर्यंत संघ सपाटून मार खातो. मला सरांनी कॉलेजात कायम बास्केटखालीच उभं केलं होतं. उंच माणसाची जागा तीच, यात मला कसली शंका असणार! साडूने मात्र आपला ताडमाड पोरगा गार्ड केला.

तो हरतच गेला. त्याचे स्कोअर मी सासरच्या ग्रुपवर टाकायचो, खाली हसणारे चेहरे. एकदा फोनवरच विचारलं, "काहून हारून राहिले हो तुमी?"

"हारू द्या न भाऊ. पोरगं शिकून राहिलं."

खेळातलं एक वर्ष आपल्या साडेतीन महिन्यांत उरकतं. पावसाळा सरता सरता दोन्ही पोरं एकवीसची झाली. माझा धिप्पाड होता, पण चेंडू दोनदा टप्पा घेईपर्यंत त्याच्या हातून निसटायचा. साडूचा तेवढाच उंच असून पास असे द्यायचा की मी मोबाइल पालथा घालून ठेवायचो. भारताच्या ज्युनिअर संघाच्या प्रशिक्षकाने, तोही आमच्यासारखाच कोणी घरबसल्या खेळणारा, चर्चेच्या पानावर जाहीर केलं: अकोल्याच्या पोराचं पासिंग या शुक्रवारी आणखी एक पायरी चढलं, तर शेवटची जागा त्याची. नाही चढलं, तर अमरावतीच्या पोराची. म्हणजे माझ्या. बावीस लागलं की ज्युनिअर संघ कायमचा बंद.

नेमका धोंड्याचा महिना होता आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी दोघा जावयांना परतवाड्याचं बोलावणं. सासरे शेजाऱ्यांना सांगत होते, "लहान्या जावयाचं पोरगं भारताच्या टीममधी चाललं!" एकाने भाबडेपणाने विचारलं, "कोन्या शाळेत हाय?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या पोराचं नावही कोणी काढलं नाही. वाणाच्या ताटातले अनारसे मी मोजले. दोघांचेही तेहतीसच होते, पण त्याचे मोठे वाटले. वय वर्षं सेहेचाळीस, आणि मी अनारसे मोजत होतो!

मंगळवारी साडूचा फोन आला. सामन्यात त्याचा पोरगा सुरुवातीलाच फाऊल करून करून बाहेर बसला होता. पुरेशी मिनिटं खेळला नाही तर शुक्रवारी सुधारणा नाही. "भाऊ, उद्या एक दोस्तीचा सामना घेता काय? मी आमंत्रण धाडतो, तुमी फक्त हो म्हना. दुसरं कोनी मोकळं नाही."

"घेतो न," मी म्हणालो.

बुधवारी मधल्या सुट्टीत आमंत्रण आलं. नेटच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. हिरव्या बटणाकडे मी सुट्टी संपेपर्यंत बघत राहिलो, मग मोबाइल खिशात टाकला आणि शिट्टी वाजवून पोरांना मैदानात घेतलं. संध्याकाळी फोनवर सांगितलं, "भातकुलीले आज नेटच नव्हतं हो."

"असू द्या भाऊ. तुमच्या हातात काय होतं?"

शुक्रवारी त्याचा पोरगा होता तिथेच राहिला. शनिवारी यादीत माझं पोरगं होतं. ग्रुपवर पहिलं अभिनंदन साडूचं. त्याखाली मी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

भारताच्या पहिल्याच सामन्यात माझ्या पोराला पाच मिनिटं मिळाली. तेवढ्यात तीन वेळा त्याच्या हातून चेंडू गेला. मग तो बाकावर बसला तो शेवटपर्यंत. तिथे साडूचा पोरगा असता तर काय झालं असतं, ते बास्केटबॉल कळणाऱ्या माणसाला सांगायची गरज नव्हती, आणि घरात बास्केटबॉल कळणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत साडूचा फोन. "एवढ्यानं काय होते भाऊ? अजून सामने हायेत. आपन दोस्तीचा सामना घेऊ. तुमी पोराले गार्ड करा, मी माह्ये कच्चे खेळाडू उतरवतो. शिकते तो, पाहा तुमी."

लाज वाटायला हवी होती. ती आली, पण मागाहून. आधी आला तो तोच जुना जळफळाट: एवढं मोठं मनसुद्धा यालाच का असावं?

"आमंत्रण धाडलं हाय," तो म्हणाला. "आज नेट हाय न भातकुलीले?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"हाय," मी म्हणालो.