डावी कुणाची?

लिओंतीन मार्शालबाईंचा जन्म जमिनीवर झालेला नाही, आणि ओळख झाल्यावर दहा मिनिटांच्या आत हे त्या तुम्हाला सांगतातच. बाप सुकाणूवर, आई बार्जच्या मागच्या खोलीत, बार्जच्या पोटात कोळसा भरलेला. बापानं म्हणे बार्ज थांबवली नाही. मागून दुसरी येत होती, पुढच्या जलद्वारापाशी रांगेतला नंबर गेला असता. नवरा फिर्मँ, तोही बार्जवाल्यांतलाच. चाळीस वर्षं दोघांनी 'बेलोत'मधून गहू वाहिला. बार्जला पत्त्यांच्या खेळाचं नाव का, हे विचारू नका. फिर्मँ असता तर त्यानं ते तीन प्रकारे सांगितलं असतं.

फिर्मँ गेला, गहू ट्रकमधून जायला लागला, पण बेलोत राहिली. साँ-जाँ-द-लोनच्या धक्क्यावर आमच्या दारांसमोरच ती बांधलेली असते. धान्याच्या जागी आता पाच खोल्या आहेत. दर ऑगस्टला मुलगा गाएताँ, सून नादेज आणि दोन नाती यांना घेऊन बाई सोन नदीनं वर ग्रे गावापर्यंत जातात. सुट्टी सगळ्यांची, सुकाणू बाईंचं.

बाईंच्या लेखी माणसं दोन प्रकारची: पाण्यावरची आणि जमिनीवाली. नादेज जमिनीवाली, त्यातून दोल गावच्या बेकरीवाल्याची मुलगी. बारा वर्षांपूर्वी पहिल्या सुट्टीत तिला पुढच्या टोकाला उभं केलं. तिथलं काम म्हणजे हाका देणं. नदीची पातळी बदलते तिथे जलद्वाराच्या दोन कवाडांमधलं दगडी कुंड असतं. त्यात बार्ज शिरली की दोन्हीकडे चार-चार बोटं जागा उरते. सुकाणूवाला पार मागे, अडतीस मीटरवर. भिंत कुठली जवळ आली ते पुढच्यानं ओरडून सांगायचं.

नादेज ओरडली, "डावीकडे लागतंय!"

"डावी कुणाची?" मागून बाई गरजल्या. "तुझी? माझी? तू माझ्याकडे तोंड करून उभी आहेस, बये!"

तेव्हापासून सगळा धक्का नादेजला विचारतो, "काय गं, डावी सापडली का?"

बार्जवाले डावी-उजवी म्हणतच नाहीत. पूर्वी घोडे ज्या काठावरून बार्ज ओढायचे ती 'वाट', आणि समोरचा काठ 'शेत'. तोंड कुठेही असो, वाट ती वाट. गोम एवढीच, की काही पुलांपाशी वाट काठ बदलते. तो पूल गेला की कालची वाट आजचं शेत. हे जमिनीवाल्यांना मरेपर्यंत कळत नाही, असं बाईंचं ठाम मत.

या वर्षी मात्र प्रकरण गंभीर होतं. ईस्टरच्या जेवणात गाएताँनं जाहीर केलं होतं, "आई, गेल्या वर्षी तू बार्ज तीनदा भिंतीला घासलीस. यंदा एकदा जरी घासलीस ना, तर सप्टेंबरात बेलोत त्या दिजाँच्या माणसाला विकली."

दिजाँच्या माणसाला तिच्यावर क्रेपचं हॉटेल काढायचं होतं.

"माझ्या बार्जवर धिरडी?" बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा मी बूड फोडते तिचं."

पण आतून त्या हादरल्या होत्या. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. नादेजनं ओळखलं होतं. सासूबाई कॉफी कपाच्या डावीकडे, थेट टेबलक्लॉथवर ओततात, हे तिनं दोनदा पाहिलं आणि दोनदा निमूटपणे पुसलं.

पहिले चार दिवस झकास गेले. नाती टपावर ऊन खात होत्या, बाई गुणगुणत होत्या, नादेज मोजून हाका देत होती: "वाट, तीन बोटं! शेत, पाच!" एक ओरखडा नाही. गाएताँचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी तो कमानीचा पूल आला, जिथे वाट सुकाणूवाल्याच्या उजव्या हाताहून डाव्या हाताला जाते, आणि पुलाला लागूनच कुंड. बाईंनी वेग कमी केला. डावीकडे त्यांना नुसतं दूध दिसत होतं.

"वाट!" नादेज ओरडली. "दोन बोटं!"

बाई मनात हसल्या. बेकरीची पोर! वाट बदलली, हिला पत्ता नाही. हिला म्हणायचंय उजवीकडे लागतंय. हिची चूक आपणच सुधारून घेऊ. त्यांनी सुकाणूचं चाक डावीकडे फिरवलं.

"वाट! एक बोट! आई, वाट!"

ठक्क. मग खर्रर्र... बेलोतची डावी कूस दगडावरून चांगली बैलगाडीभर लांब सोलून निघाली.

गाएताँ खालून धावत आला, हातात तळलेल्या माशांचं पातेलं तसंच. "कुणी केलं हे?"

"मी," नादेज लगेच म्हणाली. "हाक चुकली माझी. वाट बदललेली लक्षातच आली नाही."

आता बघा, बाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. सगळ्या धक्क्यानं विश्वास ठेवला असता. बेलोत वाचली असती.

बाईंनी चाकावरचे हात काढले. "खोटं बोलू नकोस. हाक बरोबर होती. बरोबर हाकेला चूक म्हणायचं नाही, माझ्या बार्जवर तरी नाही." मग गाएताँकडे वळल्या. "हिनं बरोबर सांगितलं, मीच हिच्याहून शहाणी व्हायला निघाले. आणि ऐक, डाव्या डोळ्यानं मला काही दिसत नाही. वर्ष झालं. बोलव तुझ्या धिरडीवाल्याला."

गाएताँनं पातेलं खाली ठेवलं. "वर्षभर? अगं, सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर सुकाणू काढून घेतलंस असतंस."

"मग आता?"

"आता मीच देते." त्या बाजूला झाल्या. "ये गं नादेज, धर. मी पुढे जाते. उजवा डोळा ठणठणीत आहे, आणि घसा तर आहेच."

नादेज चाकाला हात लावायला धजेना. "मला नाही जमायचं."

"पीठ मळतेस ना? तसंच. जोर करायचा नाही, चाकाचं ऐकायचं."

"आणि त्या माणसाला काय सांगू?" गाएताँनं विचारलं.

"सांग, तव्याला जागा नाही," नादेज म्हणाली आणि चाक धरलं. "आणि आईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घे."

गाएताँनं खिशातून फोन काढला, दिजाँवाल्याचा नंबर शोधला, आणि 'माफ करा, नाही जमणार' एवढंच लिहून पाठवलं.

बाई पुढच्या टोकाला जाऊन बसल्या, दोरीच्या वेटोळ्यावर, राणीसारख्या. पुढचं कुंड दिसताच त्यांनी तोंड उघडलं. "शेत, तीन बोटं! ... चार! ... अशीच ये, बये, अशीच!" बेलोत लोण्यातून सुरी जावी तशी आत शिरली.

गाएताँला राहवेना. त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडला, "नादेज, जरा डावीकडे घे!"

पुढून आणि मागून, दोघी एकदमच कडाडल्या, "डावी कुणाची?"