झेंड्यामागं पळणारी माणसं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, याच्या पोटात काही राहतं होय? घरच्या प्रत्येक बारशाला, लग्नाला गोष्टी सांगत सुटणारा मी — पण ही राहिली. म्हणजे, निम्मी. पहिली निम्मी तर मी अगदी फुशारकीनं सांगत आलोय.

साठनंतरची वर्षं. इस्लामपूरला तंबूतलं थेटर आलं होतं. मालकानं मुंबईहून स्वस्तात एक जुना मुका सिनेमा आणला — इटलीतल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या एका कवितेवरचा. कवी जितेपणी नरक बघून येतो, अशी गोष्ट. मधल्या पाट्या परक्या भाषेत; वाचणार कोण? सांगलीच्या कॉलेजात मी त्या कवितेचा सारांश वाचला होता — सुरुवातीची काही पानं! तेवढ्यावर मालकानं भोंगा माझ्या हातात दिला.

आणि काय बोललो मी! पडद्यावरचा प्रत्येक पापी आपल्याकडचा करून टाकला. कुणी उलटा पुरलेला दिसला, की "हा पाटाचं पाणी चोरायचा!" मग तंबूतनंच फर्माइशी यायला लागल्या. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "आवं मास्तर, माजा दीर कुटं दिसतोय का बगा की!"

"त्यो काय आजी, उकळत्या डांबरात!"

तंबू डोक्यावर. आजही आठवलं की छाती फुगते — खोटं कशाला बोलू?

आता पुढचं. जरा जड जातंय.

सिनेमाच्या सुरुवातीला, नरकाच्या दाराशीच, काही माणसं एका झेंड्यामागं नुसती पळत असतात. जन्मात कुठलीच बाजू न घेतलेली, भित्री माणसं. पहिल्या खेळाला तिथं कुणी हसलं नाही. मला ते सोसतंय होय? दुसऱ्या खेळाला म्हणालो, "ही पलटणीतनं पळून आलेली! पुढचा वळखला का? आमचा दादा!"

असा हशा त्याआधी कधी मिळाला नव्हता.

दादा माझा थोरला भाऊ. बासष्टच्या लढाईच्या आदल्या वर्षी तो रीतसर पलटण सोडून घरी आला. त्याच्या बरोबरीचे लढले आणि हा उसाला पाणी पाजत राहिला. पळून आला, असं लोक मागं कुजबुजायचे. पण तो का आला? वडिलांना लकवा झाला होता. त्यांचं अंथरुणातलं करायला मी तयार नव्हतो. दादा रजेवर आला तेव्हा त्याच्यापुढं रडलो — मला जमायचं नाही, तू ये. तो आला. आणि हे गावात बोलू नकोस, असं वचनही मीच घेतलं त्याच्याकडून.

त्या खेळाला दादा मागं उभा होता. माझी भाकरी घेऊन आलेला. खेळ सुटल्यावर डबा पुढं करून म्हणाला, "लय झ्याक बोल्लास गड्या. जेव आता."

थेटर हलेपर्यंत रोज मी तो हशा घेतला. दादाही रोज भाकरी आणायचा — पण खेळ सुटल्यावर.

गावानं त्याला नाव पाडलं, झेंडेवाला. मग त्याच्या पोरांनाही. तो गेला तेव्हासुद्धा लोक म्हणाले, झेंडेवाला गेला. मी तिथंच उभा होतो. तेव्हा तरी बोललो? तेव्हा तर खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो.

झेंड्यामागं सगळ्यांत पुढं मी पळत होतो. भोंगाही माझ्याच हातात होता.