नव्या होडीचे सुकाणू

आप्पासाहेबांनी बन्सीला बसायला खुर्ची दिली आणि मल्हाररावांच्या पोटात दुखायला लागले.

नाथसागराच्या काठावर आप्पासाहेबांच्या दोन होड्या. थंडीत पक्षी पाहायला येणाऱ्यांना पाण्यात फिरवून आणायचे, हा त्यांचा धंदा. जुनी होडी मल्हारराव चालवत. यंदा फायबरची नवी आली होती आणि तिचे सुकाणू आपल्याच हाती येणार, असे मल्हाररावांनी पैठणच्या बाजारात चारचौघांना सांगूनही टाकले होते. पण गेल्या हंगामात पाणी उतरल्यावर त्यांनी जुनी होडी पाहुण्यांसकट गाळात रुतवली होती. तेव्हापासून आप्पासाहेबांच्या मनाने घेतले होते, की खाली पाणी किती खोल आणि होडी किती जोरात, हे पडद्यावर दाखवणारे यंत्र हवेच. ते बसवायला त्यांनी चिकलठाण्याच्या कारखान्यातून बन्सीला बोलावले.

बन्सी देवगाव रंगारीचा. कारखान्यात लागण्याआधी तो मल्हाररावांच्याच हाताखाली होता. वल्हे कसे धरायचे, हे त्याला त्यांनीच शिकवले. आता तो खुर्चीत बसून चहा पीत होता आणि मल्हारराव उभे होते.

"मामा, बरं हाय ना?" बन्सीने विचारले.

"आमचं काय, पाण्यावरचं जिणं. तुझं बरं हाय. पायात बूट आले."

बन्सी हसला आणि कामाला लागला. साबणाच्या वडीएवढा, खोली मोजणारा काळा सेन्सर त्याने नव्या होडीच्या मागच्या फळीला, इंजिनाच्या पंख्यापासून लांब धरला. "पंख्याजवळ पाणी लई घुसळतं, साहेब. तिथं ह्याला काहीच दिसायचं नाय." छिद्रे पाडून, त्यात पाणी शिरू नये म्हणून चिकट लुकण भरून त्याने स्क्रू पिळले. "अन् हे पोटाखालचं बारकं चाक बघा. पाण्यानं फिरतं, तवा वेग कळतो."

आप्पासाहेब वाकून बघत होते. मल्हाररावांनी मुद्दाम पाठ फिरवली आणि सुटलीही नव्हती अशी दोरीची गाठ पुन्हा बांधत बसले.

पहिल्या फेरीत होडी हळू होती तोवर पडद्यावर खोलीचे आकडे नीट दिसले. वेग वाढवताच ते नाहीसे झाले.

"आंधळं झालं काय रं?" मल्हाररावांना हसू आवरेना.

"खालून बुडबुडे जातेत, मामा." बन्सीने होडी काठाला आणायला लावली. स्क्रू सैल करून सेन्सर जवभर खाली सरकवला, त्याची मागची कड किंचित झुकवली. पुन्हा पाण्यात गेले. होडी सुसाट निघाली तरी आकडे जागचे हलले नाहीत.

"शाब्बास!" आप्पासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. "नवी होडी तुलाच देऊन टाकावी वाटतंय बघ."

त्या रात्री मल्हाररावांना भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. होड्यांची पूजा दरवर्षी मल्हाररावच करत. इंजिन, सुकाणू, नांगर, सगळ्यांना हळदकुंकू लावून लाल नाडा बांधत. यंदा सेन्सर तेवढा त्यांनी वगळला.

"अन् ह्याला?" त्यांच्या बायकोने, बानाबाईने विचारले.

"ते होडीचं नाय. बन्सीचं हाय."

"होडीला खिळलंय ते होडीचंच. सणाच्या दिशी रुसू नये."

मल्हारराव खाली बसले आणि त्यांनी सेन्सरभोवती नाडा असा आवळला, जणू बन्सीलाच बांधत होते.

दसऱ्याला आप्पासाहेबांनी पुन्हा फेरी काढली. सुकाणू बन्सीच्या हाती दिले. मल्हारराव मागे इंजिनापाशी बसले. खोली बरोबर दिसत होती, पण वेगाच्या जागी शून्य.

"अरे, होडी पळती, अन् हे म्हणतं उभी हाय!" आप्पासाहेब चिडले.

"परवा तर चाललं व्हतं, साहेब."

"परवा चाललं, आज नाय. पाहुण्यांपुढं आमची शोभा करतो काय?"

बन्सीचे तोंड उतरले. पोटाखाली चाक असल्याचे मल्हाररावांना तेव्हा आठवले आणि आपला नाडाही आठवला. एक शब्द बोलले असते तर बन्सी सुटला असता. ते पाण्याकडे बघत राहिले.

काठावर बन्सीने वाकून पाहिले. भिजलेला लाल नाडा चाकात घट्ट बसला होता. तो कुणाच्या हातचा, हे त्याला विचारायची गरज नव्हती. त्याने मल्हाररावांकडे एकदा पाहिले, नाडा कापून मुठीत घेतला आणि खिशात टाकला.

"शेवाळ अडकलं व्हतं, साहेब."

"मग हे रोज कोण बघणार? तूच राहा इथं. नवी होडी तुझी."

मल्हाररावांनी चटकन बन्सीकडे पाहिले.

"नको साहेब. पाण्यावर मला मळमळतं, मामांना ठावं हाय. त्यांनाच द्या. चाक तेवढं रोज बोटानं फिरवून बघा म्हणावं."

आप्पासाहेब मल्हाररावांकडे वळले. "बरं. मल्हारराव, सांभाळा मग."

जाताना बन्सीने मल्हाररावांच्या हातात आपट्याची पाने ठेवली आणि वाकून पाया पडला. "सोनं घ्या, मामा." मग मोटारसायकलला किक मारून गेलाही.

"मिळाली ना होडी? मग तोंड का असं?" काठावर आलेली बानाबाई म्हणाली.

"त्याला नको व्हती म्हणून मिळाली."

ज्या सुकाणूसाठी आपण जीव टाकत होतो, ते त्या पोराने रिकाम्या कपासारखे बाजूला सारले, हेच त्यांना सलत होते. थोड्या वेळाने ते होडीमागे गेले आणि बोटाने चाकाला टिचकी मारली. चाक भिरभिरत राहिले.

"बसवलंय मात्र बेस," ते पुटपुटले आणि कुणी ऐकले तर नाही ना, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिले.